पोळ्यावरचा कवडसा

आपण आता घरी बसलो आहोत हे पोळेकाकांना डॉक्टरांनी सांगितले तेव्हा पटले नव्हते, मुलीने सांगितले तेव्हाही पटले नव्हते. ते पटले एका सकाळी, दोरीवर वाळत घातलेली आपली पांढरी विजार पाहून. विजार त्यांचीच होती, गुडघ्यावर डांबराचा जुना डाग असलेली. फक्त तिचे पाय चांगले वीतभर आखूड झाले होते आणि कमरेला चुण्या घालून नवी नाडी ओवलेली होती. शेजारी जाळीची टोपी वाळत होती. तिचाही गळा आवळून शिवला होता.

ही विजार काकांच्या कामाची. काम असे, की लोकांच्या घराच्या भिंतीत, छज्ज्याखाली, शटरच्या डब्यात मधमाश्यांनी पोळे केले की ते जिवंत काढायचे, राणीमाशीसकट लाकडी पेटीत भरायचे आणि गावाबाहेर एका फळबागवाल्याकडे नेऊन द्यायचे. मूळचे ते गवंडी. एकदा भिंत फोडताना आत पोळे निघाले, बरोबरचे सगळे पळाले आणि हे मात्र तिथेच बघत उभे राहिले. तेव्हापासून गवंडीकाम मागे पडले ते पडलेच. त्यांचे खरे आडनाव आता फक्त वीजबिलावर उरले होते.

माणूस उंच, हाडकुळा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघणारा. कुठल्याही घरी गेले की आधी बोटाने भिंत वाजवणार. मुलीचे लग्न ठरले तेव्हा होणाऱ्या व्याह्यांच्या बैठकीत चहाची वाट बघता बघता यांनी पाठीमागची भिंत टकटक वाजवली आणि "ही आतून पोकळ आहे हं," असे मन लावून सांगितले. व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नुकताच रंग दिला होता. काकूंनी टेबलाखालून असा पाय दिला, की काका पुढे चहा संपेपर्यंत बोलले नाहीत.

पोळेकाकू, म्हणजे त्यांची बायको, बुटकी, भरल्या अंगाची आणि माश्यांना भिणारी. स्वयंपाकघरात एक माशी आली तरी ती बाहेर जाईपर्यंत ही बाहेर. तरीही काकांच्या प्रत्येक कामावर ती जायची, कारण आरसा तिच्या हातात असायचा.

त्याचे असे होते. पोळे असते भिंतीच्या पोटात, अंधारात. काकांचे दोन्ही हात गुंतलेले. विजेरी लावावी तर माश्या त्या उजेडाकडेच धावतात, काचेला चिकटतात, हातावर चढतात. म्हणून काकांनी जुन्या कपाटाच्या आरशाचा एक तुकडा घेतला, त्याच्या कडांना कापडी पट्टी चिकटवली आणि तो बायकोला दिला. तिने लांब, रस्त्यापलीकडे, जिथे ऊन मिळेल तिथे उभे राहायचे आणि आरशातून कवडसा पाडायचा तो बरोबर भोकात. काका वरून ओरडणार, "वर घे. आणखी वर. अगं, भिंत दाखवतेस का मला? डोळ्यात नको मारूस." खालून काकू काही बोलायच्या नाहीत, कारण बोलले तर माश्यांना कळेल असे त्यांना वाटे. त्यांचा एकच इशारा होता. काही बिनसले, कोणी वाटेने येत असले, माश्या चिडून खाली उतरू लागल्या, की काकू आरसा हलवायच्या आणि भिंतीवर कवडसा थरथरायचा. थरथरला की थांबायचे, असे ठरले होते. काका कधी थांबल्याचे काकूंना आठवत नाही. दोघांच्या संसारात सर्वांत जास्त बोलणे झाले असेल तर ते या आरशाच्या दोन बाजूंनी.

मग गेल्या हंगामात एक माशी मानेला चावली. चावणे काकांना नवे नव्हते. इतरांना डास चावतात तशा त्यांना माश्या चावायच्या. पण या वेळी ते शिडीवरून उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांना श्वास घेता येईना. ओठ सुजून ओळखू येईनासे झाले. शुद्धीवर आले ते रुग्णालयात. डॉक्टर म्हणाले, शरीराला आता हे विष सोसत नाही, पुढची माशी शेवटचीही ठरू शकते. मुलगी औषधांच्या दुकानात काम करते. तिने सदऱ्याच्या खिशात ठेवायचे एक इंजेक्शन आणून दिले, ते मांडीत कसे टोचायचे ते दाखवले, आणि ज्या आवाजात ती आपल्या धाकट्याला दटावते त्याच आवाजात बापाला दटावले. काकांनी मान हलवली.

त्यानंतर फोन येतच राहिले. काका उचलायचे, "आम्ही आता ते काम करत नाही" म्हणायचे, आणि फोन ठेवायच्या ऐवजी विचारत बसायचे. कुठली भिंत? विटेची का दगडाची? माश्या वरून आत जातात का खालून? समोरचा सगळे सांगायचा आणि शेवटी वैतागायचा. करायचे नाही तर चौकशी कशाला, असे एकाने तोंडावर विचारले. त्या दिवशी काका जेवले नाहीत. पुढचा फोन काकूंनी उचलला. पत्ता विचारला, कधी यायचे ते सांगितले आणि शिवणयंत्रावरचे झाकण काढले.

विजार दोरीवर दिसली तेव्हा काकांनी आधी ती नीट पाहून घेतली. मग आत आले. तुला माशी दिसली की तू घराबाहेर पळतेस, असे ते म्हणाले. काकू म्हणाल्या, पळते, पण तुमच्या समोर इतकी वर्षे कोण उभे होते? काकांनी भिंत फोडणे, पोळे कापणे, राणी शोधणे, एकेक करून सगळे मोजून दाखवले. काकू दाणे निवडत होत्या. त्या ऐकत होत्या की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"झालं तुमचं?" त्या शेवटी म्हणाल्या. "विजार कापलीय आता. ती काही परत जोडता येणार नाही."

मग अट ठरली. हे एक काम करून बघायचे. माश्या नीट निघाल्या, राणी पेटीत आली, तर पुढचे पुढे. नाही निघाल्या तर शिडी, पेटी, टोपी, सगळे भंगारवाल्याला द्यायचे आणि येणारा फोन थेट फवारणीवाल्यांकडे पाठवायचा. फवारणीवाले म्हणजे भिंतीत विष मारून जाणारे. त्यांचे नाव घेताना काकांच्या तोंडाला अजून कडवट चव येई. काकू अटीला हो म्हणाल्या. त्यांचीही एक अट होती. काकांनी बरोबर यायचे, पण रस्त्यापलीकडे बंद काचेआड बसायचे आणि काही झाले तरी काच उघडायची नाही. काका म्हणाले, त्यापेक्षा मी घरीच बसतो. काकू म्हणाल्या, घरी बसलात तर फोन करकरून माझा जीव खाल.

घर चष्म्याच्या दुकानदाराचे होते. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. दुमजली घर, वरच्या मजल्यावर त्यांची झोपायची खोली, आणि खोलीच्या खिडकीशेजारी, जिथे काँक्रीटची तुळई विटांना मिळते, तिथे एक फट. फटीतून माश्यांची ये-जा. आधी चष्मेवाल्यांनी स्वतःच ती फट पुट्टी भरून बुजवली होती. माश्यांनी आत वाट काढली आणि संध्याकाळी खोलीतल्या बटणांच्या पाटीतून बाहेर आल्या, म्हणून पुट्टी परत उकरावी लागली. तेव्हापासून नवराबायको खालच्या खोलीत सतरंजीवर झोपत होते, आणि बटणांवर चिकटपट्टीचे इतके थर होते, की आता दिवा लावायचा म्हटले तरी लागला नसता. घराला रंग द्यायचा होता, म्हणून रंगाऱ्याची परांची बांधलेली होतीच. रंगारी माश्या जाईपर्यंत ब्रश उचलायला तयार नव्हता.

समोर इस्त्रीचे दुकान होते. दर्शनी बाजू सगळी काचेची, मधोमध काचेचेच दार. काकूंनी इस्त्रीवाल्यांशी आधीच बोलून ठेवले होते. दार बंद, आत एक स्टूल, स्टुलावर नवरा.

"तुमच्यापायी माझी भट्टी झालीय," इस्त्रीवाले म्हणाले. इस्त्रीची वाफ, बंद दार, आणि समोरच्या घराच्या छपरावरून सरळ आत येणारे दुपारचे ऊन. पंखा गरम वाराच इकडून तिकडे फिरवत होता. इस्त्रीवाले गोलमटोल, घामाघूम, आणि बोलायला कोणीतरी मिळाल्याने मनातून खूश होते. त्यांनी काकांना केळे देऊ केले. काका दचकून नको म्हणाले. चिडलेल्या माशीच्या डंखाला पिकल्या केळ्याचा वास येतो आणि त्या वासाने बाकीच्या माश्या पेटतात, म्हणून कामाच्या दिवशी त्यांच्या घरी केळे येत नसे. इस्त्रीवाल्यांनी हे ऐकून घेतले, काचेकडे पाहिले आणि हातातले केळे दोन घासांत संपवून साल घट्ट बांधून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपली.

समोर काकू परांचीवर चढल्या होत्या. आखूड केलेल्या विजारीत, जाळीच्या टोपीत, खालून त्या पिठाच्या पोत्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी भिंतीला हात लावून बघायला हवे होते. माश्या पिल्लांना ऊब देतात, म्हणून पोळ्याच्या पोटापाशी भिंत कोमट लागते, काका नेहमी तळहाताने ती जागा शोधायचे. काकूंनी हातमोजा काढला नाही. त्यांनी टोपीसकट कान भिंतीला टेकवला. इथे टेकवला, तिथे टेकवला, कोणाची तरी वाट बघत असावे तशा थांबल्या. मग खडूने खूण केली ती फटीपासून बरीच बाजूला, खिडकीच्या जवळ.

"चुकली," काका म्हणाले.

"काय चुकलं?" इस्त्रीवाल्यांनी विचारले.

 काकांनी फोन लावला. फोनची घंटी रस्त्यापलीकडे वाजली, परांचीच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत. शेजारी उभ्या गाडीत, काचा वर करून, चष्मेवाले बसले होते. त्यांनी पिशवीकडे पाहिले, वर काकूंकडे पाहिले, आणि आपण तर गाडीतून उतरणार नाही असे कोणालाच उद्देशून नसलेल्या खुणेने सांगितले. घंटी वाजून वाजून थांबली.

काकूंनी विटा काढल्या. छिन्नी हळू, हातोडी त्याहून हळू. तिसऱ्या विटेला आत पोळे दिसले ते नेमके मधोमध. काका आपल्या खुणेवर भिंत उघडायचे तेव्हा पोळ्याची कड तरी तुटायचीच. इथे कडसुद्धा तुटली नव्हती. काकांनी हे पाहिले आणि स्टूल थोडे मागे घेतले.

पुढचे काम ते बघत राहिले. ओल्या गोणपाटाचा धूर, मग पोळ्याचे एकेक पाते कापून वेगळे करणे. पिल्लांची पाती लाकडी चौकटीत बसवून रबराने बांधायची आणि पेटीत लावायची, मधाची पाती झाकणाच्या डब्यात टाकायची. आपण हे करताना कसे दिसत असू, ते काकांनी कधी पाहिले नव्हते. आयुष्यभर त्यांचे नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर होते. इथून सगळी भिंत एकदम दिसत होती. भिंतीपुढे माश्यांचा विरळ पडदा हलत होता, कधी दाट व्हायचा, कधी फाटायचा. त्यांना वाटले, एवढे सगळे हिला रोज दिसत होते तर.

काकूंनी कपाळावर मुलीने दिलेला दिवा बांधला होता. आत वाकून त्यांनी तो लावला आणि लगेच माश्या कपाळावर जमल्या. त्यांनी दिवा बंद केला, माश्या ब्रशाने झाडल्या आणि अंदाजाने काम करू लागल्या. भिंतीवर सावली होती, ऊन घराच्या पलीकडून येत होते, भोकात नुसता अंधार. हे काम आरशाचे होते.

आरसा काकांच्या पायाशी, पिशवीत होता. पिशवी काकूंनीच भरून दिली होती. पाण्याची बाटली, टॉवेल, इंजेक्शनची दुसरी सुई, आणि तळाशी कापडी पट्टीचा तो आरसा. काकांना तो दुकानात येताच दिसला होता आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. म्हणजे आता आपण खाली उभे राहून कवडसे पाडायचे. त्यांनी टॉवेल काढला, घाम पुसला आणि टॉवेल परत आरशावर टाकला.

"बाईमाणूस नेटाचं आहे," इस्त्रीवाले चादर उलटी करत म्हणाले. "आमच्या घरी बल्ब बदलायचा तरी मला हाक मारतात." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही आता काय करणार? मजा आहे बुवा तुमची."



ऊन कलायला लागले तेव्हा शेवटचे पाते निघाले. काकूंनी भोकातल्या उरलेल्या माश्या ओंजळीने पेटीत घातल्या, पेटी भोकाशेजारी फळीवर ठेवली आणि तिचे दार उघडे सोडले. आता राणी आत असली तर बाकीच्या माश्या आपोआप मागोमाग जातात. दारात ओळीने उभ्या राहून, शेपटी वर करून पंख हलवतात, या या म्हणतात. मग अंधार पडला की दार लावायचे. काकू पेटीकडे पाठ करून भोक खरवडू लागल्या, मेणाचा वास उरला तर पुढच्या वर्षी दुसरे माश्यांचे बिऱ्हाड येते म्हणून. शेजारी सिमेंटची घमेली तयार होती.

काकांनी पेटीकडे पाहिले. माश्या जात होत्या, पण रमत नव्हत्या. आत शिरायच्या, बाहेर यायच्या. हवेतला पडदा एका बाजूला झुकत होता, धुराची रेघ वाऱ्याने झुकावी तसा, पण वारा नव्हता. रेघ वर जात होती, गच्चीतून उतरणाऱ्या पाण्याच्या नळाकडे. नळ जिथे छज्ज्याखाली वळतो, तिथे काळसर काहीतरी होते. मघाशी ते नव्हते. आता मुठीएवढे होते, आणि बघता बघता वाढत होते.

राणी निसटली होती. पाते कापताना उडाली असेल, किंवा भिंतीवरून चालत गेली असेल. ती नळाच्या वळणामागे बसली होती आणि तिचे सगळे तिच्याभोवती जमत होते. पेटीत होती ती बिनराणीची पिल्ले. काकूंना हे दिसणे शक्य नव्हते. त्यांचे तोंड भोकात होते.

काका उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

त्यांच्या मनात काय आले ते त्यांनी पुढे कोणाला सांगितले नाही, पण जे आले ते सरळ होते. काही केले नाही तर काकू भोक बुजवतील, अंधारात पेटी उचलतील. उद्या सकाळी चष्मेवाल्यांना नळावर माश्या दिसतील, परवा त्या खोलीच्या झरोक्यात शिरतील. काम फसले म्हणून बोभाटा होईल. शिडी भंगारात जाईल. मग कोणी आखूड विजार घालणार नाही आणि कोणी काचेआड बसणार नाही, दोघे सारखे. पोळेकाका होते तोवर काम होते, असे लोक म्हणतील. जीव क्षणभर भांड्यात पडल्यासारखा झाला. आपल्याला हे बरे वाटले आहे, हेही त्यांना तिथेच, वाफेने भरलेल्या त्या दुकानात उभ्याउभ्या कळले.

"का हो?" इस्त्रीवाले म्हणाले. "बरं नाही का वाटत? दार उघडू?"

"दार नको," काका म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी टॉवेल बाजूला केला.

काचेतून येणारे ऊन आता दुकानाच्या मागच्या भिंतीवर बरेच वर सरकले होते. समोरच्या छपराआड सूर्य उतरू लागला होता, आणि काका उभे होते तिथे, छातीच्या उंचीवर, नुसती सावली होती. त्यांनी हात वर केला. आरसा उन्हात गेला पण चवड्यांवर उभे राहून तो स्थिर धरता येईना, कवडसा समोरच्या भिंतीवर कुठेतरी उडत होता. त्यांनी इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिले.

"थांबा, चादर काढतो," इस्त्रीवाले म्हणाले. त्यांना काही कळले नव्हते, पण माणूस टेबलावर चढणार आहे एवढे कळले होते. चादर पुरती निघायच्या आत काका तिच्यावर उभे होते. तळपायाला कापड गरम लागत होते.

कवडसा कसा पाडतात हे त्यांना ठाऊक आहे असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते. तो आरशाच्या केसभर हलण्याने एवढी झेप घेतो, हे त्यांना आता कळले. आधी तो चष्मेवाल्यांच्या गाडीवर पडला. चष्मेवाल्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग परांचीच्या बांबूवर, मग काकूंच्या पाठीवर. पाठीला उजेड कळत नाही. काकू खरवडत राहिल्या. काकांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले आणि कवडसा भोकात नेला.

काकूंनी मान वर केली. वळल्या. कवडसा सरळ जाळीवर आला असणार, कारण त्यांनी हातमोज्याचा पंजा तोंडासमोर धरला आणि तो असा झटकला, की शब्द इथे काचेआड ऐकू आले. मग त्या भोकाकडे बोट दाखवून दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, म्हणजे झाले की आता, उजेड आता कशाला.

काकांनी आरसा हलवला. भिंतीवर कवडसा थरथरला.

काकू थांबल्या. जिथल्या तिथे, हात तसेच पसरलेले. काकांना हे अपेक्षित नव्हते. ते स्वतः असे कधीच थांबले नव्हते.

मग त्यांनी कवडसा हळूच भिंतीवरून चालवला. पेटीच्या दारापाशी नेला, तिथे थोडा ठेवला. तिथून नळाकडे. नळावरून वर, सांध्यासांध्याने. मधेच इस्त्रीवाल्यांचे डोके आडवे आले. "खाली वाका हो," काका म्हणाले, आणि इस्त्रीवाले आपल्याच दुकानात गुडघ्यावर बसले. कवडसा वळणापाशी पोचला आणि त्या काळ्या घोसावर स्थिर झाला. उजेडात घोस तांबूस दिसला, पंखांनी चमचमला.

काकूंनी घोसाकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, आणि कमरेवर हात ठेवले. घरी दूध उतू गेलेले दिसले की ठेवतात तसेच.

बाकी त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी पेटी उचलून नळाखालच्या फळीवर नेली, वरचे झाकण सरकवले, आणि घोसाखाली पांढरे कापड धरून नळाला तळहाताने एकच धक्का दिला. घोस ढेकळासारखा पडला. अर्ध्या माश्या उडाल्या, काकूंभोवती असा गुंता झाला की त्या दिसेनाशा झाल्या. काका नकळत टेबलाच्या कडेपर्यंत आले. इस्त्रीवाल्यांनी त्यांचा पाय धरला. दार बंद होते, खिशात इंजेक्शन होते, आणि त्यांना यातले काहीही आठवत नव्हते. ऊन त्यांच्या मनगटावरून निघून बोटांवर आले, मग आरशावरूनही गेले.

गुंता विरळ झाला तेव्हा काकू कापडावर वाकलेल्या होत्या. एका काडेपेटीत त्यांनी काहीतरी धरले होते. ती त्यांनी पेटीच्या आत उघडली. मग मागे सरकून बसल्या. पेटीच्या दारात माश्या एकेक करून उभ्या राहिल्या. इतक्या लांबून शेपट्या दिसणे शक्य नव्हते. पण हवेतली रेघ फिरली आणि दाराकडे उतरू लागली, एवढे मात्र इस्त्रीवाल्यांनासुद्धा दिसले. त्यांनी काकांचा पाय सोडला.

"चादर पुन्हा करावी लागणार," ते म्हणाले.

संधिप्रकाशात काकूंनी पेटीचे दार लावले, भोक बुजवले, आणि खाली उतरून टोपी काढली. चेहरा लालबुंद होता, केस कपाळाला चिकटलेले. अंगावर एखादी माशी असेल म्हणून त्या दुकानात आल्या नाहीत. काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. आत काका, बाहेर काकू. काकांना बरेच काही म्हणायचे असावे, कारण ते बराच वेळ काचेवरचा वाफेचा ठिपका बोटाने पुसत होते.

"खूण बरोबर केलीस," ते म्हणाले. काचेपलीकडे ते ऐकू गेले नसावे. त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटले, "खूण. भिंतीवरची. बरोबर होती."

"माहितीय," काकू म्हणाल्या. "तुम्ही नेहमी वीतभर चुकता. मी खालून बघत होते ना."

"मग सांगायचं."

"आरसा हलवायचे की." त्या वळल्या आणि परत फिरल्या. "आणि डोळ्यात कशाला मारत होतात सारखा?"

पेटी टेम्पोत चढली, पेटीबरोबर काकू पुढच्या सीटवर बसल्या. पेटी असलेल्या गाडीत काकांना बसायची बंदी होती. ते बसने गेले. इस्त्रीवाले थांब्यापर्यंत सोडायला आले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, की राणी आम्ही पकडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अजून झोपलेल्या होत्या. डावा हात दोन ठिकाणी सुजला होता आणि त्यांनी तो उशीवर वेगळा ठेवला होता. फोन वाजला. काकांनी तो उचलून स्वयंपाकघरात नेला आणि आवाज लहान केला. कोणाच्या तरी घराच्या मागच्या भिंतीत माश्या होत्या. काकांनी नेहमीसारखे विचारले, विटेची का दगडाची, किती उंचावर, कधीपासून. पलीकडचा माणूस सांगत होता. काका ऐकता ऐकता बोटाने ओट्यामागची भिंत वाजवत होते. मग ते थांबले.

"ते झालं," ते म्हणाले. "त्या भिंतीच्या समोर काय आहे, ते सांगा. दुकान आहे का कोणाचं? काचेची खिडकी? ऊन कधी येतं तिथे?"